साबणांतला मोती

(नभोवाणीवरील भाषण)

पौष-माघाच्या थंडींत सकाळीं डोक्याला लावावयास तेल घ्यावें, तों बाटलींतील खोबरेल दगडासारखें गोठलेलें असतें. मग ती बाटली चुलीजवळ ठेवावयाची किंवा उन्हांत नेऊन धरावयाची, हा प्रत्येक घरांतील ओळखीचा सोहळा आहे. त्याच फळीवर शेजारीं तिळाचें तेल असतें, शेंगदाण्याचें असतें. तीं मात्र वाहतीं राहतात. एकाच खोलींत, एकाच थंडीनें, एक तेल गोठावें आणि दुसरें वाहतें राहावें, असें कां? प्रश्न इतका घरगुती आहे कीं तो विचारण्याजोगा आहे हेंच सहसा कोणाला सुचत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील नामवंत रसायनशास्त्रज्ञांपाशींहि याचें उत्तर नव्हतें. तें पुढें पॅरिसमध्यें सांपडलें. आणि सांपडलें तें तेलांत नव्हे, तर साबणाच्या एका तुकड्यांत!

त्या तुकड्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

साबण करण्याची विद्या फार जुनी. चरबी किंवा तेल घ्यावें, वनस्पतींच्या राखेंतून काढलेला खार चुन्यानें तीव्र करावा, दोन्ही मिळून उकळावें आणि शेवटीं मीठ टाकून साबण वर आणावा. फ्रान्सांतील मार्सेय हें शहर या धंद्यासाठीं नांवाजलेलें होतें. तेथील साबणांत भेसळ होऊं नये म्हणून चौदाव्या लुई राजानें इ. स. १६८८ मध्यें एक फर्मान काढलें आणि ऑलिव्हच्या शुद्ध तेलावांचून दुसरी कोणतीहि चरबी वापरण्यास मनाई केली. म्हणजे पाहा, स्निग्ध पदार्थांत शुद्ध कोणता व अशुद्ध कोणता हें सांगणारा कायदा आधीं झाला. त्या पदार्थांत मुळांत असतें तरी काय, हें कळावयास आणखी सव्वाशें वर्षें जावीं लागलीं!

विद्वानांची तोंवरची समजूत अशी होती कीं, तेल आणि खार हीं जशींच्या तशीं एकमेकांना चिकटतात व साबण बनतो. पिठांत पाणी मिसळून कणीक व्हावी, तसाच कांहींसा हा प्रकार. या समजुतीला धक्का देणारी एक खूण मात्र पुष्कळ आधीं मिळालेली होती. स्वीडनमधील शेले नांवाचा औषधें विकणारा एक असामान्य शोधक इ. स. १७७९ मध्यें ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर उकळीत होता. तेव्हां पाण्यांत एक गोड, दाट द्रव उतरलेला त्याला दिसला. तेलांत गोडी कोठून आली? त्यानें ती नोंदून ठेवली, इतकेंच. तिचा अर्थ लावणारा माणूस त्या वेळीं अजून जन्मास यावयाचा होता.

तो जन्मला इ. स. १७८६ मध्यें, फ्रान्सांतील आंजे या गांवीं. त्याचें नांव मिशेल यूजेन शेव्रल. बाप शस्त्रवैद्य. मुलगा सतराव्या वर्षीं पॅरिसला आला व व्होक्लां या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करूं लागला. त्याचें लक्ष तेव्हां रंगद्रव्यांवर होतें. इ. स. १८११ मध्यें कापडाच्या एका गिरणींतून तपासणीसाठीं आलेला मऊ साबणाचा नमुना त्याच्या हातीं पडला. डुकराची चरबी आणि लाकडी राखेचा खार यांपासून तो केलेला होता. शेव्रलनें तो पुष्कळ पाण्यांत सोडला आणि तसाच राहूं दिला. कांहीं भाग विरघळून गेला, परंतु तळाशीं चकचकीत पापुद्रे जमले. त्यांची झाक मोत्यासारखी होती. ग्रीक भाषेंत मोत्याला जो शब्द आहे त्यावरून त्यानें या पदार्थाला 'मार्गारीन' हें नांव दिलें. आपल्याकडेहि दिवाळीच्या पहाटेच्या एका साबणाला मोत्याचेंच नांव मिळालें, हा अर्थात् निव्वळ योगायोग.

या पापुद्र्यांवर त्यानें आम्ल घातलें. खार सुटून गेला आणि वर एक स्निग्ध पदार्थ तरंगला. ही मूळचीच चरबी परत आली असावी, असें कोणीहि म्हटलें असतें. शेव्रलनें तसें गृहीत धरलें नाहीं. त्यानें परीक्षा केली, तों काय आढळलें? हा पदार्थ गरम मद्यार्कांत सहज विरघळतो, चरबी तशी विरघळत नाहीं. हा निळा लिटमस तांबडा करतो, ताजी चरबी करीत नाहीं. थोडक्यांत, हा एक आम्ल होता. साबण होतांना चरबी खाराला नुसती चिकटत नव्हती, तर ती फुटत होती! तिच्यांतून आम्लें निघून खाराशीं संयोग पावत होतीं, आणि मागें पाण्यांत उरत होता तो शेलेचा गोड द्रव. त्याला शेव्रलनें ग्लिसरीन म्हटलें. आम्लांना आपण मेदाम्लें म्हणूं.

येथें त्याच्या तराजूची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. शंभर भार चरबी घेतली आणि तिच्यांतून निघालेलीं मेदाम्लें व ग्लिसरीन वेगळीं तोललीं, तर बेरीज शंभराहून अधिक भरे. उतावळा मनुष्य म्हणाला असता, मोजण्यांत चूक झाली. शेव्रलनें पुन्हां पुन्हां मोजलें आणि वाढावा कायम राहिला, तेव्हां त्यानें त्याचा अर्थ लावला. चरबी फुटतांना तिच्या तुकड्यांत पाणी शिरून बसतें, तेंच हें जादा वजन. पुढें इ. स. १८५४ मध्यें बर्थेलो यानें उलट मार्गानें जाऊन ग्लिसरीन व मेदाम्लें यांपासून प्रयोगशाळेंत पुन्हां चरबी घडविली, आणि ग्लिसरीनचा एक रेणु मेदाम्लांचे तीन रेणु धरून ठेवतो हें दाखविलें. शेव्रलचा हिशेब असा दुसऱ्याच्या वहींत जुळला.

बारा वर्षें हा माणूस चरबींतच बुडालेला होता. गाय, मेंढी, डुकर, माणूस, देवमासा, ज्याची मिळेल त्याची चरबी आणावी, तिचा साबण करावा, साबण फोडावा, निघालेलें आम्ल मद्यार्कांत विरघळवून पुन्हां पुन्हां स्फटिक पाडावे आणि दर वेळीं तें किती उष्णतेला वितळतें तें पाहावें. वितळण्याचा अंश बदलावयाचा थांबला कीं पदार्थ शुद्ध झाला, असें तो मानी. आज कॉलेजांतला कोणीहि मुलगा ही कसोटी घोकतो. ती रूढ करण्यांत शेव्रलचा वांटा मोठा आहे. इ. स. १८२३ मध्यें त्यानें प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील आपला ग्रंथ छापला, तेव्हां त्यांत ओळीनें नवीं नांवें आलीं. स्टिअरिक, ओलिइक, लोण्यांतील ब्यूटिरिक आणि बोकडाच्या वासाची आठवण देणारें कॅप्रिक! मधल्या काळांत, इ. स. १८१५ च्या सुमारास, पित्ताशयांतील खड्यांत सांपडणाऱ्या एका पदार्थाला त्यानें 'कोलेस्टरीन' हें नांव दिलें. आजच्या कोणत्याहि मध्यमवयीन गृहस्थाला हें नांव, थोड्या बदललेल्या रूपांत, पाठ असतें!

आतां आपली खोबरेलाची बाटली पाहूं. शुद्ध स्टिअरिक आम्ल वितळावयास ६९ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ओलिइक आम्ल आपल्या घरांतल्या हवेंत पाण्यासारखें पातळ असतें. ज्या स्निग्ध पदार्थांत पहिल्या जातीचीं मेदाम्लें अधिक तो घट्ट, दुसऱ्या जातीचीं अधिक तो पातळ. खोबरेलांत पहिल्या जातीचीं मेदाम्लें शेंकडा ९० च्या आसपास असतात. परंतु त्यांच्या सांखळ्या आंखूड असल्यामुळें तें २४-२५ अंशांलाच वितळतें व उन्हाळ्यांत तेल म्हणून वावरतें. तिळाच्या तेलांत हींच आम्लें शेंकडा १५ च्या आसपास भरतात, म्हणून तें थंडीला भीक घालीत नाहीं.

हें ज्ञान नुसतें पुस्तकांत राहिलें नाहीं. त्या काळीं गरिबाच्या घरीं चरबीची मेणबत्ती जळे. ती उन्हाळ्यांत वांके, धूर सोडी, हाताला तूपट लागे आणि विझवितांना तिचा असा उग्र दर्प सुटे कीं डोळ्यांना पाणी यावें. हा दर्प येतो तो चरबींतील ग्लिसरीन जळतांना. मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती राजवाड्यांत आणि देवळांत. मग चरबींतून ग्लिसरीन व पातळ ओलिइक आम्ल काढून टाकलें आणि उरलेल्या घट्ट आम्लांचीच मेणबत्ती ओतली तर? शेव्रल आणि गे-ल्युसाक या दोघांनीं इ. स. १८२५ मध्यें याचें पेटंट घेतलें. दोघेहि मोठे शास्त्रज्ञ, पण धंदा कांहीं जमला नाहीं. खार महाग, आम्ल महाग आणि वात नीट जळेना. विणलेली वात, चुन्यासारख्या स्वस्त पदार्थानें चरबी फोडण्याची युक्ति आणि वात बोरिक आम्लांत भिजविण्याची रीति, इतकें सगळें जुळून आलें तेव्हां द मिली या कारखानदारानें इ. स. १८३१ नंतर ती मेणबत्ती खरोखर बाजारांत आणली. मजुराच्या घरांत राजवाड्याचा उजेड आला.

आणि त्या उजेडाबरोबर विष आलें. नव्या मेणबत्त्यांत मोठे स्फटिक पडून त्या ठिसूळ होत. तें टाळण्यासाठीं कांहीं कारखानदार त्यांत पांढरा सोमल मिसळूं लागले. दिवाणखान्यांत चार मेणबत्त्या लावून बसलेलें कुटुंब सोमलाची वाफ हुंगत आहे, हें कोणाला डोळ्यांनीं दिसणार? इ. स. १८३७ मध्यें लंडनमधील एका वैद्यक मंडळानें चौकशी करून तें उघडकीस आणलें. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. जुनी चरबीची मेणबत्ती घाणेरडी खरी, पण ती आपला स्वभाव नाकाला लपवीत नव्हती. नवी मेणबत्ती स्वच्छ, पांढरी, देखणी. तिच्या पोटांत काय आहे हें ओळखावयास नाक-डोळे पुरेनात, रसायनशाळा लागली.

गंमत अशी कीं, ज्या मोत्यापासून ही सारी हकीकत सुरू झाली तो मोती खोटा निघाला! शेव्रलनें ज्याला मार्गारिक आम्ल म्हटलें तें एक आम्ल नसून दोन आम्लांचें मिश्रण आहे, हें हाइंट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५० नंतर दाखविलें. आम्ल गेलें, नांव मात्र राहिलें. मेज-मूरिये यानें इ. स. १८६९ मध्यें, तिसऱ्या नेपोलियनच्या उत्तेजनानें, गाईच्या चरबीपासून स्वस्त लोणी केलें आणि त्याला तेंच मोत्याचें नांव चिकटविलें. पाव-लोण्याच्या तबकांतील मार्गारीन तें हेंच.

मागें उरणाऱ्या गोड ग्लिसरीनची कथा अधिक दारुण आहे. इटलींतील सोब्रेरो यानें इ. स. १८४७ मध्यें त्यापासून नायट्रोग्लिसरीन केलें, आणि इ. स. १८६७ मध्यें नोबेलनें तें मातींत मुरवून डायनामाइटचें पेटंट घेतलें. पहिल्या महायुद्धांत साबणाच्या कढईखालीं उरलेल्या पाण्याला दारूगोळ्याचें मोल आलें. चरबीच्या टंचाईनें गांजलेल्या जर्मनीनें तर साखर आंबवून ग्लिसरीन काढण्याची युक्ति योजिली. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, आज तो येथेंच सोडतों.

कारण आपल्या स्वयंपाकघरापर्यंत जी वाट आली ती दुसरी. स्टिअरिक आणि ओलिइक या दोन आम्लांत अंतर किती? हायड्रोजनच्या फक्त दोन परमाणूंचें! तेवढे दोन परमाणु पातळ आम्लाला चिकटवितां आले तर तें घट्ट होईल. कागदावर हें सोपें, कढईंत मात्र साधेना. फ्रान्समधील साबात्ये यानें बारीक निकेलच्या सान्निध्यांत हायड्रोजनचे असे संयोग घडविले होते, पण ते वायुरूप पदार्थांवर. जर्मनींतील हेरफोर्ड या गांवीं विल्हेल्म नॉरमान या रसायनशास्त्रज्ञानें पातळ तेलांतच निकेलची पूड घालून त्यांतून हायड्रोजन सोडला आणि तेल घट्ट झालें. त्याचें पेटंट इ. स. १९०२ चें. इंग्लंडमधील वॉरिंग्टनच्या क्रॉसफील्ड या साबणवाल्यांनीं तो हक्क मिळविला. देवमाशाचें घाण मारणारें तेल पांढरें, घट्ट व निर्गंध होऊं लागलें. अमेरिकेंत इ. स. १९११ मध्यें सरकीच्या तेलापासून केलेलें 'क्रिस्को' विक्रीस आलें.

श्रोतेहो, आतांपर्यंत चरबी म्हटली कीं कोणाची, हा प्रश्न आधीं येई. गाईची, बोकडाची, तिळाची, नारळाची. नॉरमाननंतर तिचें कूळ विचारण्याची कारखान्याला गरज उरली नाहीं. मेदाम्लें बदलतां आलीं कीं कोणतेंहि तेल कोणत्याहि चरबीचें सोंग घेऊं शकतें. आपल्याकडे हें सोंग तुपाचें होतें.

पहिल्या महायुद्धानंतर घट्ट केलेलें तेल हिंदुस्थानांत परदेशांतून येऊं लागलें. इ. स. १९३२ मध्यें मुंबईंत शिवडी येथें लीव्हर कंपनीचा वनस्पति तुपाचा कारखाना सुरू झाला आणि इ. स. १९३७ मध्यें 'डालडा' हें नांव बाजारांत आलें. पिवळा डबा व त्यावरील हिरवें झाड पुढें घरोघर पोंचलें. रिकाम्या डब्यांत तुळशी लागल्या. दाणेदार, पांढरें, स्वस्त आणि तुपासारखें थिजणारें. कशासाठीं कोणी तें तुपांत मिसळणार नाहीं? तशी भेसळ सर्रास होऊं लागली. महात्मा गांधींनीं इ. स. १९४६ मध्यें 'हरिजन'मधून वनस्पति तुपाविरुद्ध लिहिलें. त्याला एखादा रंग द्यावा म्हणजे भेसळ दिसेल, अशीहि मागणी होती. परंतु कढवून उडणार नाहीं, सहज काढतां येणार नाहीं आणि पोटालाहि अपाय करणार नाहीं असा रंग सांपडेना.

तेव्हां पुन्हां शेव्रलकडेच जावें लागलें. दुधाच्या स्निग्धांशांत एक वस्तु अशी आहे कीं जी कारखान्यांतील निकेलला देतां येत नाहीं. ती म्हणजे त्यानेंच शोधून काढलेलें ब्यूटिरिक आम्ल. हें आम्ल वाफेबरोबर उडतें. तपासनीस पांच ग्रॅम तूप घेतो, खारानें त्याचा साबण करतो, गंधकाम्ल घालून तो फोडतो, उडणारीं आम्लें वाफेबरोबर काढून गोळा करतो आणि त्यांना शमविण्यास किती खार लागला तें मोजतो. हाच रायशर्ट-माइस्सल आंकडा. चांगल्या तुपाचा तो पंचवीस-तिसाच्या घरांत येतो, खोबरेलाचा सातांच्या आसपास, वनस्पति तुपाचा जवळजवळ शून्य. पॅरिसच्या त्या प्रयोगशाळेंतील सगळ्या पायऱ्या, त्याच क्रमानें!

दुसरी तोड अधिक चतुराईची. सरकारनें कायदाच केला कीं प्रत्येक वनस्पति तुपांत शेंकडा ५ तिळाचें तेल घातलेंच पाहिजे. कशासाठीं? तिळाच्या तेलांत एक पदार्थ असा आहे कीं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल यांच्याबरोबर हालविला असतां आम्लाला गुलाबी-तांबडा रंग येतो. याला बोदुआंची कसोटी म्हणतात. तुपांत वनस्पति मिसळलें कीं त्याबरोबर तीळहि येणार आणि नळींत लाली चढणार. डोळ्यांना दिसणारा रंग मिळाला नाहीं, म्हणून न दिसणारा रंग घातला. मार्सेयच्या फर्मानांत दुसरें तेल घालण्यास बंदी होती, येथें दुसरें तेल घालण्याची सक्ति!

हें सारें निर्दोष होतें असें नाहीं. वऱ्हाड-खानदेशाकडे किंवा सौराष्ट्रांत जेथें ढोरांना सरकी चारतात, तेथील अस्सल तुपाचा आंकडाहि उतरतो. सरसकट एकच मर्यादा लावली तर प्रामाणिक गवळी गुन्हेगार ठरावयाचा. म्हणून कापूसपट्ट्यासाठीं मर्यादा खालीं आणावी लागली. आणि ती खालीं आणली कीं तेवढ्या फटींत भेसळवाल्याला जागा मिळाली. माझ्या मतें येथें दोष शास्त्राचा नव्हे. गाय काय खाते यावर तिचें तूप ठरतें, आणि कायद्याला मात्र सगळ्या गाई सारख्या हव्या असतात.

परंतु खरा धोका तुपांतल्या भेसळींत नव्हताच, तो वनस्पतीच्याच पोटांत होता. तेल अर्धवट घट्ट करतांना निकेलच्या संगतींत कांहीं ओलिइक आम्लाला हायड्रोजन मिळत नाहीं, पण त्याच्या सांखळीचा बांक तेवढा सरळ होतो. वजन तेंच, परमाणु तेच, आकार निराळा. असें सरळ झालेलें आम्ल, इलेइडिक आम्ल, फ्रान्समध्यें बुदे यानें इ. स. १८३२ मध्येंच नांव देऊन ठेवलेलें होतें. त्याचा मनुष्यदेहावरचा परिणाम ओळखावयास दीडशें वर्षांवर काळ लोटला. इ. स. १९९० मध्यें हॉलंडमधील मेन्सिंक व काटान यांनीं माणसांना असा आहार देऊन रक्त तपासलें. त्यांत अपायकारक कोलेस्टेरॉल वाढलेलें व हितकारक कमी झालेलें आढळलें. हीं आम्लें आज ट्रान्स मेदाम्लें म्हणून ओळखलीं जातात. डेन्मार्कनें इ. स. २००३ मध्यें त्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेंत अशा अर्धवट घट्ट केलेल्या तेलांचा वापर निर्धोक नाहीं असा सरकारी निर्णय इ. स. २०१५ मध्यें झाला. भारतांत १ जानेवारी २०२२ पासून तेलांतील व वनस्पतींतील मर्यादा शेंकडा २ झाली.

शेव्रलला यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं, तरी पाहिलें तें थोडें नव्हे. इ. स. १८८६ मध्यें त्याची शंभरी झाली, तेव्हां छायाचित्रकार नादार व त्याचा मुलगा यांनीं त्याच्याशीं बोलत बोलत त्याचीं चित्रें घेतलीं. मुलाखत आणि छायाचित्रें एकत्र, असा तो पहिलाच प्रयोग समजतात. आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ शास्त्रज्ञांचीं नांवें कोरलीं त्यांत त्याचें नांव आहे. तो मनोरा पुरा होऊन कांहीं दिवस झाले, आणि ९ एप्रिल १८८९ रोजीं तो १०२ वर्षांचा होऊन वारला.

ट्रान्स मेदाम्लें मोजण्याचें आजचें यंत्र त्याला ओळखतांहि आलें नसतें. लांब बारीक नळींतून वायूबरोबर आम्लांची वाफ सोडतात व एकेक आम्ल आपापल्या वेळीं बाहेर पडतें. जेम्स व मार्टिन यांनीं इ. स. १९५२ मध्यें ही पद्धति प्रथम मांडली, ती उडणाऱ्या मेदाम्लांवरच. पण यंत्रांत घालण्यापूर्वीं तपासनीस बिस्किटांतून किंवा डब्यांतून काढलेली चरबी एका कुपींत घेतो, तींत बहुधा खारच घालतो, कुपी गरम करतो, आणि ग्लिसरीन व मेदाम्लें एकमेकांपासून सुटेपर्यंत वाट पाहातो.